मुलांचा मोबाईल आणि घरातलं १६ नंबरचं चॅनल



बंदी लागून महिना होत आला. ट्रॉलर धक्क्याला लागलेत, जाळी ओट्यावर आलीत आणि माणसं घरी आहेत. या पानावर एरवी आपण डिझेलचा परतावा, नौकेची कागदपत्रं, हवामान खात्याचा इशारा असल्या गोष्टी बोलतो. आज विषय वेगळा आहे. गेल्या सभेनंतर दोन-तीन पालकांनी मला बाजूला घेऊन जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "सेक्रेटरी, पोरगं रात्री एक-दोन वाजेपर्यंत मोबाईल घेऊन बसतं. काय बघतं कळत नाही. विचारायला गेलं तर दार लावून घेतं. बोलायचं कसं?"

मी काही मोठा जाणकार नाही. बारावी शिकलेला माणूस. पण या बाबतीत माझ्या घरात ठेच लागली आहे. त्यामुळे जे शिकलो ते लिहितो.

आधी माझ्या घरची गोष्ट

मुलाला विचारून, त्याने हो म्हटल्यावरच लिहितोय. तो आता नोकरीला लागला आहे. तेव्हा शाळेत होता.

तो नववीत असताना त्याच्या वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी घाणेरडी क्लिप टाकली. मी सहज त्याचा फोन हातात घेतला आणि नेमकी तीच समोर आली. त्याने ती टाकली नव्हती, मागितलीही नव्हती. पण मी काही विचारलंच नाही. कानाखाली एक दिली, फोन महिनाभर कपाटात बंद करून ठेवला आणि त्याच्या आजीसमोर नको ते बोललो. मला वाटलं, पोराला धडा शिकवला. धडा तो शिकला खरा, पण वेगळाच. बाबांना काही सांगायचं नाही, हा.

पुढच्या वर्षी तो दहावीत. हंगाम जोरात, मी पहाटे तीनपासून जेटीवर. त्याला इन्स्टाग्रामवर एका मुलीच्या नावाने मेसेज आला. आठवडाभर गप्पा झाल्या. मग व्हॉट्सॲप नंबर, मग रात्रीचा व्हिडिओ कॉल. समोर दिसली ती मुलगी खरी होती की आधीच काढलेला व्हिडिओ होता, देव जाणे. त्यांनी याला कपडे काढायला लावले आणि इकडचं सगळं रेकॉर्ड करून घेतलं. सकाळी तोच व्हिडिओ, त्याच्या मित्रांची आणि मावशीची नावं, आणि खाली मेसेज: पाच हजार पाठव, नाहीतर सगळ्यांना पाठवतो.

पोराने चतुर्थीला साठवलेले अठराशे पाठवले. दुसऱ्या दिवशी आणखी मागितले. त्याची आई मासळी विकते. गिऱ्हाईक तिच्या फोनवर पैसे टाकतं आणि तो हिशेब हाच बघायचा, पिनही याला माहीत. तिच्या खात्यातून आणखी साडेचार हजार गेले. तिला वाटलं, बर्फाचे दिले असतील.

अकरा दिवस हे चाललं. पोरगं जेवत नव्हतं. आम्हाला वाटलं, परीक्षेचं टेन्शन. एका रात्री अकरा वाजता शेजारच्या ट्रॉलरच्या तांडेलाला तो जेटीच्या टोकाला एकटाच बसलेला दिसला. तांडेल शहाणा माणूस. काही न विचारता शेजारी बसला, चहा पाजला. अर्ध्या तासाने पोराने सगळं सांगितलं. तांडेल त्याला घेऊन घरी आला आणि दारातच मला म्हणाला, "सेक्रेटरी, आधी दोन्ही हात खिशात घाला, मग पोराशी बोला."

मी मुलाला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "मागच्या वेळी तुम्ही काही विचारलंच नव्हतं."

त्या रात्री तो जेटीच्या टोकाला काय विचार करत बसला होता, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. त्याने अजून सांगितलेलं नाही.

१६ नंबरचं चॅनल

आपल्या वायरलेस सेटवर चॅनल १६ कशासाठी असतं ते आपल्याला सांगायला नको. संकटात सापडलेल्या बोटीची हाक त्याच्यावर येते. म्हणून ते कायम ऐकत राहायचं आणि त्याच्यावर गप्पा मारायच्या नाहीत. 'मेडे' ऐकू आलं की बाकीचे गप्प होतात. मग काय विचारतात? कुठे आहात? काय झालंय? किती माणसं आहेत? इशारा दिला असताना गेलास कशाला, असं त्या वेळी कुणी विचारत नाही. माणसं किनाऱ्याला लागली की मग काय ते बोलणं होतं.

तसं विचारायला लागलो तर काय होईल? पुढच्या वेळी पाणी भरेपर्यंत कुणी सेटच उचलणार नाही.

माझ्या घरात तेच झालं होतं. पोराने सेट उचलला नाही, कारण आधीच्या वेळेचा मार त्याला आठवत होता. तिकडच्या बदमाशांचा धंदा याच भीतीवर चालतो. मूल घरात सांगणार नाही, यावर त्यांची खात्री असते. म्हणून फोनवर कितीही कुलपं लावली तरी खरा बचाव एकच आहे. मुलाला पक्कं माहीत पाहिजे की काहीही झालं, चूक त्याची असली तरी, आधी घरी सांगायचं आणि सांगितल्यावर मार बसणार नाही.

म्हणजे चुकीला शिक्षा नाही असं नाही. शिक्षा नंतर, किनाऱ्याला लागल्यावर. आणि खरं सांगितल्याबद्दल शिक्षा कधीच नाही.

आधी आपलाच फोन बघूया

मुलांकडे वळायच्या आधी थोडं आपल्याकडे. हे वाचताना कुणाला राग आला तर येऊ दे.

बोटीवर, जेटीवर, मित्रांच्या ग्रुपवर कसल्या क्लिपा फिरतात ते आपल्याला माहीत आहे. आपण एखादी बघून सोडून देतो. पण व्हॉट्सॲपवर आलेलं आपोआप डाऊनलोड होतं आणि गॅलरीत जाऊन बसतं. तोच फोन संध्याकाळी धाकटं पोर कार्टून बघायला घेतं. बऱ्याच घरांत मुलांनी पहिली घाण बापाच्याच फोनवर बघितलेली असते.

म्हणून आज एवढं करा. तसल्या ग्रुपमधून बाहेर पडा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप डाऊनलोड होणं बंद करा आणि ते गॅलरीत दिसणंही बंद करा.

आणि एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. अठरा वर्षांखालच्या मुलाची किंवा मुलीची अश्लील क्लिप असेल तर ती "बघा काय चाललंय" म्हणूनसुद्धा पुढे पाठवायची नाही. २०१२ चा पोक्सो कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब, दोन्हीखाली तो गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये या बाबतीत कडक निकाल दिला आहे. अशी क्लिप न पुसता, पोलिसांना न कळवता नुसती फोनमध्ये ठेवून दिली, तरी माणूस अडचणीत येऊ शकतो. हे मुलांनाही सांगायचं, कारण "मी फक्त फॉरवर्ड केलं" हे तिथे चालत नाही.

मुलांसमोर काय काय येतं

मुख्यतः चार गोष्टी येतात. प्रत्येकीला बोलणं वेगळं.

१) अश्लील व्हिडिओ. बारा-तेरा वर्षांच्या पुढे शरीराविषयी प्रश्न पडणं हे वयाचंच आहे. त्यात पाप नाही. मूल कधी शोधून बघतं, तर कधी न शोधता समोर येतं. सापडलं म्हणून "तू बिघडलास" म्हणू नका. हे सांगा: "त्यात दिसतं ते खरं नसतं. सिनेमातली मारामारी असते तसं ते पैशासाठी केलेलं असतं. काही वेळा त्यातल्या माणसाला जबरदस्तीने आणलेलं असतं. खऱ्या आयुष्यात समोरच्याची मर्जी असावी लागते, मान ठेवावा लागतो. तुला काही विचारायचं असेल तर मला विचार, नाहीतर काकाला विचार, डॉक्टरला विचार." मुलगा असेल तर बापाने बोलावं, मुलगी असेल तर आईने, हे सोयीचं आहे. पण तसाच नियम नाही. ज्याच्याशी मूल मोकळं आहे त्याने बोलावं.

२) अनोळखी दोस्ती. माझ्या घरात घडलं ते हेच. आपण समजतो, हा धोका मुलींनाच. तसं नाही, मुलगेही फसतात आणि लाजेने जास्त लपवतात. मुलांना ओळखायच्या खुणा सांगा. समोरचा लवकर गोड बोलतो. "आपलं दोघांतच ठेव" म्हणतो. इथून उठवून दुसऱ्या ॲपवर नेतो. फोटो मागतो किंवा कॅमेरा चालू करायला लावतो. यातलं एक जरी दिसलं तरी बोलणं तिथेच थांबवायचं. आमिष लावलेला गळ पाण्यात कसा दिसतो ते आपल्या पोरांना सांगायला लागत नाही. हा तसलाच गळ आहे एवढं त्यांना कळलं पाहिजे.

३) फोटोंचा गैरवापर. जत्रेतला, वाढदिवसाचा साधा फोटो घेऊन त्यावरचा चेहरा एआयने घाणेरड्या चित्राला जोडता येतो. हे करणारा कधी कधी वर्गातलाच असतो. अशा वेळी मुलीची काहीच चूक नसते. तरी काही घरांत पहिलं काम काय होतं? तिचा फोन काढून घेतात, क्लास बंद करतात. म्हणजे चोरी झाली तिच्या घरी आणि कोंडलं तिलाच. असं करू नका. आणि आपल्या मुलग्यांनाही बजावून सांगा की मैत्रिणीचा फोटो तिला न विचारता कुणाला पाठवणं, त्याच्यावर थट्टा म्हणून काही करणं, हा गुन्हा ठरू शकतो. आपलं पोर फसवलं जाऊ नये याची काळजी आपण करतो. आपल्या पोराकडून कुणी दुखावलं जाऊ नये, ही काळजीही आपलीच.

४) पैशाचे खेळ आणि लिंका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून बंदी आणली. पण लिंक पाठवून ॲप टाकायला लावणारे अजून फिरतात. त्याच लिंकांबरोबर अश्लील जाहिरातीही येतात. मुलाने आईच्या खात्यावर हात मारला तर तो चोर झाला असं लगेच धरू नका. त्याच्यामागे कुणी लागलंय का ते आधी बघा.

बोलायचं कसं

समोर बसवून, टीव्ही बंद करून, "आज तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचं आहे" असं सुरू केलं की पोर तिथेच गोठतं. आपल्याकडे याहून चांगली जागा आहे. जाळं शिवताना दोघं शेजारी बसलेले असतात, हात कामात असतात, डोळे एकमेकांवर नसतात. अवघड गोष्ट अशाच वेळी तोंडातून निघते. स्कूटरवरून म्हापशाला जाताना, आईबरोबर सुके मासे निवडताना, बोट रंगवताना, कुठेही चालेल. पाच मिनिटं बोला आणि सोडून द्या. आठ दिवसांनी परत पाच मिनिटं. एकाच दिवशी दोन तास भाषण देऊन काही होत नाही.

सुरुवात मुलापासून करू नका, दुसऱ्यापासून करा. "आमच्या सेक्रेटरीच्या मुलाला असं झालं होतं म्हणे. तुमच्या वर्गात असं काही चालतं का?" माझं नाव बिनधास्त घ्या. दुसऱ्याची गोष्ट असली की मूल मोकळं बोलतं, आणि बोलता बोलता स्वतःचं सांगतं.

आणखी एक युक्ती, मला उशिरा सुचलेली. त्याला शिकवायला सांगा. "मला इन्स्टाग्राम कळत नाही, दाखव बघू. अनोळखी माणसाचा मेसेज आला तर तू काय करतोस?" फोनच्या बाबतीत ती आपल्यापेक्षा पुढे आहेत हे कबूल करायला लाज कसली? फोन त्यांना कळतो, माणूस आपल्याला कळतो. दोन्ही एकत्र आलं की काम होतं.

विचारताना पोलिसासारखं विचारू नका. "काय लपवतोयस?" यापेक्षा "अलीकडे झोप नीट लागत नाही का रे?" हे बरं. उत्तर नाही आलं तर गप्प राहा. आपण गप्प राहायला घाबरतो आणि लगेच उपदेश सुरू करतो. रापण ओढताना घाई केली तर जाळं फाटतं, तसंच हे.

आणि हे एक वाक्य मात्र स्पष्ट शब्दांत बोलून दाखवा, मनात ठेवू नका: "फोनवर काहीही झालं, तुझी चूक असली तरी, आधी मला सांग. मी ओरडणार नाही, मारणार नाही, फोन काढून घेणार नाही. आधी आपण त्यातून बाहेर पडू." एकदा शब्द दिला की पाळायचा. पहिल्याच वेळी मोडलात तर चॅनल बंद.

आपल्याला न सांगण्यासारखं असेल तर दुसरा कुणी? मामा, आत्या, शाळेतल्या बाई, घरचा जुना तांडेल. असं एक नाव मुलाला विचारून आधीच ठरवून ठेवा. माझ्या मुलाला तो माणूस योगायोगाने भेटला. तुमचं काम योगायोगावर सोडू नका.

पंधरा मिनिटांचं काम, दोघांनी मिळून

हे चोरून करू नका. मुलाच्या शेजारी बसून, त्याच्याच हाताने करून घ्या.

• व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीमध्ये, ग्रुपमध्ये कोण घालू शकतो तिथे फक्त ओळखीचे ठेवा. प्रोफाईल फोटोही ओळखीच्यांनाच दिसू दे. अनोळखी नंबरचे कॉल गप्प करायची सोय आहे, ती चालू करा. दोन पायऱ्यांची पडताळणी लावा.

• इन्स्टाग्रामवर खरी जन्मतारीख टाका. अठराखालच्या मुलांसाठी तिथे 'टीन अकाउंट' आहे आणि २०२५ पासून ते भारतातही सुरू झालं. त्यात खातं आपोआप खाजगी राहतं आणि अनोळखी माणसाचे मेसेज अडतात. सोळा वर्षांखालच्या मुलांना हे नियम सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण वय खोटं टाकलं तर यातलं काही लागू होत नाही.

• यूट्यूबवर 'रिस्ट्रिक्टेड मोड' आणि गूगलच्या शोधात 'सेफसर्च' चालू करा. लहान मुलांसाठी गूगलचं 'फॅमिली लिंक' हे फुकट ॲप आहे.

• आईच्या फोनचा यूपीआय पिन बदला. हिशेब मुलाने बघावा, पिन आईजवळ राहावा.

• रात्री घरातले सगळे फोन एका जागी चार्जिंगला लावा. सगळे म्हणजे आपलाही. जेटीवरून पहाटे फोन येणार असेल तर साधा बटणाचा फोन उशाला ठेवा.

ही सेटिंगं म्हणजे लाइफ जॅकेट. अंगावर पाहिजेच. पण जॅकेट घातलं म्हणून कुणी वायरलेस सेट घरी ठेवून समुद्रात जात नाही.

घडलंच तर पहिल्या तासात काय करायचं

१) पहिलं वाक्य: "बरं झालं सांगितलंस." दुसरं काही सुचलं नाही तरी एवढं म्हणा.

२) एक रुपयाही पाठवू नका. दिले की थांबतील असं वाटतं, पण देणारा सापडला म्हणून ते आणखी मागतात. उत्तर देऊ नका, शिव्या देऊ नका, विनवण्याही करू नका.

३) घाबरून काही पुसू नका. समोरच्याचा नंबर, खात्याचं नाव, धमकीचे मेसेज, पैसे गेले असतील तर यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा क्रमांक, या सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. मात्र मुलाचा तो फोटो किंवा व्हिडिओ कुणालाही पाठवू नका, मदत मागण्यासाठीसुद्धा नाही. मलाही नको. पोलिसांना फोन दाखवायचा, बस्स. आणि तक्रार त्याच दिवशी करा.

४) मग त्या खात्याची ॲपमध्येच तक्रार करा आणि ब्लॉक करा.

५) पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. आम्हाला उशीर झाला होता, आमचे परत मिळाले नाहीत. बाकी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर करता येते. मुलांच्या आणि बायकांच्या बाबतीतल्या अश्लील मजकुराची तक्रार तिथे नाव न देताही नोंदवता येते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आणि तातडीच्या मदतीला ११२.

६) "मी पोलीस बोलतोय, प्रकरण मिटवायला पैसे भरा" असा फोन आला तर तो त्याच टोळीचा समजा. आमच्याकडेही आला होता. खरे पोलीस फोनवर पैसे मागून गुन्हा मिटवत नाहीत.

७) अठराखालच्या मुलाचा उघडा फोटो पसरायची भीती असेल तर 'टेक इट डाउन' नावाची फुकट सेवा आहे. फोटो आपल्याच फोनवर राहतो. त्याचा एक आकडी ठसा तयार होऊन तेवढाच पुढे जातो, आणि त्यात सहभागी असलेल्या कंपन्या त्या ठशावरून तो फोटो आपापल्या ॲपवर शोधून काढून टाकतात. फेसबुक आणि इन्स्टाग्राम त्यात आहेत. अठरावरच्यांसाठी अशीच 'स्टॉप एनसीआयआय' आहे.

८) पोलीस ठाण्याला घाबरू नका. पोक्सो कायद्याप्रमाणे मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, आईवडील किंवा त्याच्या विश्वासाचं माणूस जवळ असताना घ्यायचा असतो. शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा आणि तो घेताना पोलिसांनी गणवेशात असायचं नाही. मुलाचं नाव छापून आणता येत नाही.

९) त्या रात्री मुलाला एकटं सोडू नका. शेजारी झोपा. पोर फार गप्प असेल, जगण्यावरून मन उडाल्यासारखं बोलत असेल तर 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. दिवसरात्र चालतो आणि फुकट आहे. डॉक्टरांकडे न्यायला लाजू नका.

१०) वाड्यावर चर्चा करू नका. मुलाने आपल्याला सांगितलं आहे, गावाला नाही.

आमच्या बाबतीत चार-पाच दिवस वेगवेगळ्या नंबरांवरून फोन येत राहिले. आम्ही उचलले नाहीत. मग ते थांबले. व्हिडिओ कुणापर्यंत पोचल्याचं आमच्या कानावर आलं नाही. सव्वासहा हजारांच्या वर रुपये गेले ते गेले. मुलगा त्या वर्षी दहावी पास झाला. माझ्याशी नीट बोलायला मात्र त्याला त्याहून जास्त वेळ लागला, आणि त्यात चूक त्याची नव्हती.

बंदी संपायच्या आत

३१ जुलैला बंदी संपेल. एक ऑगस्टपासून जो तो बोटीच्या मागे लागेल. कोण चार दिवस समुद्रात, कोण रात्रभर जेटीवर, घरची बाई पहाटे बाजारात. मग बोलायला वेळ कुठला? आपल्या धंद्यात बापाला पोरांजवळ सलग बसायला वर्षातून हेच ६१ दिवस मिळतात. त्यातला महिना गेला, एक राहिलाय. इंजिन उघडून झालं, जाळी शिवून झाली, रंग लावून झाला. एवढं एक काम राहिलं असेल तर तेही या दिवसांत उरकून घ्या.

वरचे नंबर कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. कुणाला तक्रार भरायला जमत नसेल, सेटिंग कळत नसतील, तर संस्थेच्या कार्यालयात या. सकाळी दहा ते एक मी असतोच. दार लावून बोलू. कुणाचं पोर, काय झालं, हे त्या खोलीच्या बाहेर जाणार नाही.

आपला,
सचिव